मूलभूत चयापचय आणि दैनंदिन ऊर्जेची गरज

सजीवांच्या शरीरात अखंड चालू असणाऱ्या रासायनिक घडामोडींना समुच्चयाने चयापचय असे म्हणतात. मनुष्य जागा पण पूर्ण विश्रांत स्थितीत असताना, शेवटच्या जेवणानंतर सुमारे बारा तासांनी आणि फार थंड वा फार उष्ण नसलेल्या वातावरणात, केवळ जीवनव्यापार चालू ठेवण्यासाठी त्याच्या शरीरात ठराविक काळात जेवढी ऊर्जा खर्च होते, तिला मूलभूत चयापचयाचा वेग म्हणतात. हालचाल, श्रम, अन्नपचन व शरीरवाढ यांसाठी लागणारी ऊर्जा या आकड्याच्या वर मोजावी लागते. दिवसभराच्या ऊर्जेच्या गरजेचा कोणताही हिशेब या पायावरच उभा राहतो. मात्र पाया म्हणजे इमारत नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्याने व्यक्तीच्या आहाराबाबत व सार्वजनिक धोरणातही चुका झालेल्या आहेत.

ऊर्जेचे माप कॅलरीत देण्याचा प्रघात आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी होय. आहारशास्त्रात व लोकव्यवहारात हिलाच नुसते ‘कॅलरी’ किंवा ‘उष्मांक’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीतही कॅलरी हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. एक किलोकॅलरी म्हणजे ४·१८४ किलोजूल. अन्नातील कार्बोहायड्रेटे व प्रथिने यांच्यापासून दर ग्रॅमला सुमारे ४, तर वसेपासून सुमारे ९ कॅलरी शरीराला मिळतात. शंभर ग्रॅम ज्वारी किंवा तांदूळ यांपासून सुमारे ३४५ ते ३५० कॅलरी मिळतात.

विश्रांत शरीरातील खर्च : स्वस्थ पडून राहिलेला मनुष्य काहीच करीत नाही, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्या वेळीही हृदयाचे स्पंदन, श्वसनाच्या स्नायूंची हालचाल, वृक्कांतील (मूत्रपिंडांतील) गाळण, यकृतातील असंख्य रासायनिक विक्रिया आणि मेंदूचे कार्य चालू असते. प्रत्येक कोशिका आपल्यातील सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेत असते. मूलभूत खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा केवळ या कामी लागतो, असा अंदाज आहे. जुनी प्रथिने मोडून नवी बांधण्याचे कामही अव्याहत चालते व त्याचा खर्चही जवळजवळ तेवढाच असतो.

हा खर्च शरीरभर सारखा वाटलेला नसतो. मेंदू, यकृत, हृदय व वृक्के या अवयवांचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या ५ ते ६ टक्केच असते. पण मूलभूत ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक भाग ते वापरतात. हृदय व वृक्के दर किलोग्रॅमला दिवसाकाठी सुमारे ४४० कॅलरी खर्च करतात, मेंदू २४० व यकृत २००. विश्रांत स्नायूचा खर्च दर किलोग्रॅमला केवळ १३ कॅलरी आणि मेदाचा चार-साडेचार कॅलरी असतो. दोन माणसांचे वजन सारखे असूनही एकाचा मूलभूत खर्च दुसऱ्याहून कमी का असू शकतो, हे यावरून समजते. ज्याच्या शरीरात मेद अधिक व मेदविरहित ऊतके कमी, त्याचा खर्च कमी. तान्ह्या मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असल्यामुळे त्याच्या मूलभूत ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या मेंदूकडे जातो. उपासमारीचा आघात या वयात सर्वांत गंभीर ठरतो, त्याचे एक कारण हे आहे.

इतिहास : प्राण्याच्या शरीरातील उष्णता ही मंद ज्वलनाचेच फल आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान लव्हॉयझर व प्येअर लाप्लास यांनी गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांनी दाखविले. बर्फाने वेढलेल्या पात्रात प्राणी ठेवावयाचा आणि किती बर्फ वितळला यावरून त्याने बाहेर टाकलेली उष्णता मोजावयाची, अशी त्यांची पद्धत होती (१७८३). पुढे लव्हॉयझर यांनी आर्मां सेग्वँ या सहकाऱ्यावरच प्रयोग करून विश्रांती, अन्नग्रहण, थंडी व श्रम या अवस्थांत लागणारा ऑक्सिजन मोजला. श्रमाने व अन्नाने ऑक्सिजनाचा खप वाढतो, हे त्यांना आढळले. त्यावरून अंगमेहनतीवर जगणाऱ्या गरिबाच्या शरीराला बसून राहणाऱ्या श्रीमंतापेक्षा अधिक अन्न लागते आणि प्रत्यक्षात मात्र त्याला कमी मिळते, ही विसंगतीही त्यांनी १७८९ च्या आपल्या निबंधात नमूद केली. प्रयोगशाळेतील मोजमापाला सामाजिक न्यायाचा प्रश्न जन्मापासूनच चिकटलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत लव्हॉयझर यांचा शिरच्छेद झाला.

जर्मनीत माक्स रूबनर यांनी १८९४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांनी असे सिद्ध केले की, वापरलेल्या अन्नघटकांवरून गणिताने काढलेली ऊर्जा व प्राण्याने प्रत्यक्ष बाहेर टाकलेली उष्णता या दोन्ही जुळतात. म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सजीवांनाही लागू पडतो. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर व भौतिकीविज्ञ एडवर्ड रोझा यांनी मनुष्य अनेक दिवस आत राहू शकेल एवढी मोठी बंदिस्त खोली बांधून हेच माणसाच्या बाबतीत दाखविले. जे. आर्थर हॅरिस व फ्रान्सिस बेनिडिक्ट यांनी १९१९ मध्ये १३६ पुरुष व १०३ स्त्रिया यांच्या मोजमापांवरून वजन, उंची, वय व लिंग यांच्या साहाय्याने मूलभूत चयापचयाचा अंदाज देणारी सूत्रे प्रसिद्ध केली. ती शंभर वर्षांनंतरही रुग्णालयांतून वापरात आहेत.

मापन : शरीराने बाहेर टाकलेली उष्णता सरळ मोजणे खर्चिक व अवघड आहे. म्हणून बहुधा ऑक्सिजनाच्या खपावरून अप्रत्यक्ष मापन करतात. मिश्र आहार घेणाऱ्या माणसाच्या शरीरात विश्रांत व उपाशी अवस्थेत एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला, तर सुमारे ४·८२५ कॅलरी ऊर्जा मोकळी होते. समजा, एखादी व्यक्ती मिनिटाला २०० मिलि. ऑक्सिजन वापरते. तासाला हा खप १२ लिटर व ऊर्जा सुमारे ५८ कॅलरी होईल. चोवीस तासांचा मूलभूत खर्च सुमारे १,३९० कॅलरी येईल.

पूर्वी यासाठी बेनिडिक्ट–रॉथ उपकरण सर्रास वापरीत. ऑक्सिजनाने भरलेली, पाण्यावर तरंगणारी घंटेच्या आकाराची टाकी, तिच्याशी नळ्यांनी जोडलेला मुखखंड, नाकाला चिमटा आणि निःश्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेणारा सोडा-चुना, एवढीच त्याची सामग्री असे. ऑक्सिजन वापरला जाईल तशी टाकी खाली उतरे व फिरत्या कागदावर तिरकी रेषा उमटे. तिच्या उतारावरून खप कळे. हल्ली दोन्ही वायूंचे प्रमाण आपोआप मोजणारी यंत्रे वापरतात. उपकरण कोणतेही असो, अचूकपणा मुख्यतः रुग्णाच्या तयारीवर अवलंबून असतो. रात्रभर उपवास, आदल्या दिवशी अतिश्रम नसणे, मापनापूर्वी अर्धा तास स्वस्थ पडून राहणे, ताप नसणे व मन शांत असणे या अटी पाळाव्या लागतात. नाकाला चिमटा लावलेल्या व आजाराच्या धास्तीत असलेल्या माणसाचे मन शांत असणे ही यांतील सर्वांत कठीण अट होय. त्यामुळे पहिल्या खेपेचे मापन पुष्कळदा वास्तवापेक्षा जास्त येते.

वेगात फरक पाडणारी कारणे : मोठ्या शरीराला अधिक ऊर्जा लागते, पण ती वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. उष्णता त्वचेतून बाहेर जाते म्हणून खर्च शरीराच्या पृष्ठफळाशी निगडित असावा, असे रूबनर यांनी मांडले होते. त्यानुसार कित्येक वर्षे हा वेग ताशी दर चौरस मीटरला इतक्या कॅलरी असा सांगत असत (पाश्चात्त्य प्रौढ पुरुषांत सुमारे ४०, स्त्रियांत सुमारे ३७). माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये उंदरासारख्या लहान प्राण्यांपासून मोठ्या जनावरांपर्यंतची मापने तपासून खर्च वजनाच्या तीनचतुर्थांश घाताशी अधिक जुळतो, असे दाखविले. स्त्रियांचा मूलभूत खर्च पुरुषांपेक्षा कमी असतो, तो मुख्यतः त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे.

वयाबाबत एक समजूत सर्वत्र आढळते. तिशी उलटली की चयापचय मंदावतो व म्हणून पोट सुटते, असे सांगितले जाते. २०२१ मध्ये २९ देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींची मापने एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजुतीला मोठा धक्का दिला. शरीराचा आकार व मेदविरहित वजन जमेस धरल्यास ऊर्जेचा खर्च विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जवळजवळ स्थिर राहतो व त्यानंतर हळूहळू उतरतो, असे त्यात आढळले. वर्षभराच्या मुलाचा खर्च, आकाराच्या मानाने, प्रौढाच्या सुमारे दीडपट असतो. मध्यम वयातील सुटलेल्या पोटाचे कारण तेव्हा बहुधा अन्यत्र शोधावे लागेल.

अवटू ग्रंथीच्या स्रावाचा या वेगावर सर्वांत मोठा परिणाम होतो. हा स्राव अतिरिक्त झाल्यास वेग अपेक्षेपेक्षा ४० ते ८० टक्क्यांनी वाढतो. रुग्ण भरपूर खाऊनही रोडावतो, त्याला घाम फार येतो व नाडी जलद चालते. स्राव कमी पडल्यास वेग ३० ते ४० टक्क्यांनी उतरतो. रक्तातील हॉर्मोनांची सरळ मोजणी शक्य होण्यापूर्वी अवटूच्या विकारांच्या निदानासाठी डॉक्टर मूलभूत चयापचयाचीच परीक्षा करवीत. तापात शरीराचे तापमान १° से. ने वाढले की खर्च सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. तापकऱ्याला लंघन घालण्याची रूढी दीर्घ आजारात का घातक ठरते, ते यावरून दिसेल.

उपासमारीत वेग घटतो. याचा सर्वांत काटेकोर अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४–४५ मध्ये केला. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास सदसद्‌विवेकाने नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने त्यात भाग घेतला. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींचा आहार देण्यात आला. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले आणि मूलभूत खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाला. ही घट वजनातील घटीपेक्षा मोठी होती. शरीराने काटकसर केली खरी. पण तिची किंमतही दिसून आली. नाडी मंदावली, थंडी सोसेना, अंगात काम करण्याची शक्ती उरली नाही, मन उदास व चिडखोर बनले आणि अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. शरीर कमी अन्नाशी ‘जुळवून घेते’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या जुळवणीत काय काय गमवावे लागते, हे विचारणे आवश्यक असते.

अंदाजाची सूत्रे व भारतीय शरीर : प्रत्येकाचे मापन करणे शक्य नसल्यामुळे वजनावरून मूलभूत खर्च काढण्याची सूत्रे तयार करण्यात आली. आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार १८ ते ३० वर्षांच्या पुरुषाचा दिवसाचा मूलभूत खर्च १५·३ × वजन (किग्रॅ.) + ६७९ इतका येतो, त्याच वयाच्या स्त्रीसाठी सूत्र १४·७ × वजन + ४९६ असे आहे. या सूत्रांमागील जगभरच्या नोंदींपैकी जवळजवळ निम्म्या इटालियन व्यक्तींच्या होत्या, हे पुढे लक्षात आले. ती भारतीयांना लावली असता उत्तर प्रत्यक्ष मापनापेक्षा जास्त येते. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८९ च्या शिफारशींत सुमारे ५ टक्क्यांची घट करून १८ ते ३० वर्षांच्या पुरुषांसाठी १४·५ × वजन + ६४५ व स्त्रियांसाठी १४·० × वजन + ४७१ ही सूत्रे स्वीकारली. २०२० च्या शिफारशींतील आकडे आंतरराष्ट्रीय सूत्रांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी धरून काढलेले आहेत.

हा फरक वंशाचा की शरीररचनेचा, या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झाले. बंगलोर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी, मारिओ सोआरिस व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की, मेदविरहित वजन विचारात घेतल्यास भारतीय व पाश्चात्त्य यांच्यातील फरक बव्हंशी नाहीसा होतो. भारतीयाच्या कोशिका अधिक काटकसरी नसून समान वजनाच्या भारतीय शरीरात स्नायू कमी व मेद अधिक असतो, असा याचा अर्थ होतो. बालपणीच्या कुपोषणाशी याचा संबंध असण्याचा संभव असल्यामुळे, भारतीयांना ‘मुळातच’ कमी अन्न पुरते, असे विधान करताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते.

दैनंदिन गरज : दिवसाची एकूण गरज काढण्यासाठी मूलभूत खर्चाला श्रमांच्या प्रमाणात गुणांक लावतात. झोपेत खर्च मूलभूत खर्चाइतका (गुणांक १), बसून राहिल्यास सुमारे सव्वापट, साध्या चालण्यात तीनपटीहून थोडा अधिक, तर कुदळीने खणणे किंवा मुसळाने कांडणे यांत सुमारे पाचपट होतो. अन्नाच्या पचनासाठी व शोषणासाठी एकूण ऊर्जेच्या सुमारे दहावा हिस्सा लागतो. प्रथिनांच्या बाबतीत तो अधिक असतो. दिवसाचे सरासरी गुणांक बैठ्या कामासाठी १·४, मध्यम कामासाठी १·८ व कष्टाच्या कामासाठी २·३ असे २०२० च्या भारतीय शिफारशींत धरले आहेत. त्यांनुसार ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषाला अनुक्रमे २,११०, २,७१० व ३,४७० कॅलरी आणि ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीला १,६६०, २,१३० व २,७२० कॅलरी लागतात. गर्भारपणात यात ३५० कॅलरींची व बाळंतपणानंतर पहिले सहा महिने अंगावर पाजताना ६०० कॅलरींची भर घालावी लागते.

हिशेबाचे उदाहरण म्हणून ४५ किग्रॅ. वजनाची एक तरुण शेतमजूर स्त्री घेऊ. १९८९ च्या सूत्राने तिचा मूलभूत खर्च १,१०१ कॅलरी, म्हणजे ताशी सुमारे ४६ कॅलरी येतो. ती आठ तास झोपते (गुणांक १), पाच तास खुरपणी करते (३), दोन तास पाणी व सरपण आणण्यात घालविते (३·५), तीन तास स्वयंपाक व घरकाम करते (२) आणि उरलेले सहा तास बसून असते (१·३). तास व गुणांक यांच्या गुणाकारांची बेरीज ४३·८ होते व दिवसाचा खर्च सुमारे २,००० कॅलरी येतो. एवढी ऊर्जा केवळ ज्वारीतून मिळवावयाची तर सुमारे पावणेसहाशे ग्रॅम ज्वारी लागेल. तिच्या खर्चापैकी ५५ टक्के भाग मूलभूत आहे. बैठे काम करणाऱ्या कारकुनाच्या खर्चात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे जाते. अन्न कमी पडले तर मूलभूत खर्चात फारशी कपात करता येत नाही. कपात श्रमांत होते, आणि जिची मजुरी श्रमांवर अवलंबून आहे तिचे उत्पन्नही त्याबरोबर घटते.

दुष्काळी मजुरी : गरजेचा आकडा कोण व कोणत्या हेतूने ठरवितो, याचे महत्त्व भारतात १८७६–७८ च्या दुष्काळात प्रकर्षाने दिसून आले. दुष्काळी कामांवरील खर्च आटोक्यात आणण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी प्रौढ पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. त्यापासून सुमारे १,५५० ते १,६०० कॅलरी मिळतात. पन्नास किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाचा मूलभूत खर्च सुमारे १,३७५ कॅलरी असतो. म्हणजे हे धान्य त्याला स्वस्थ पडून राहण्यास जेमतेम पुरले असते. अर्ध्या आण्यात येणाऱ्या डाळमिठाने त्यात थोडी भर पडे. त्याला तर दिवसभर माती खणावयाची व खडी फोडावयाची होती, आणि त्या कामासह गरज २,९०० कॅलरींच्या घरात जाते. उरलेली तूट त्याच्या अंगातील मांस व मेद यांतून भरून निघे. मूलभूत चयापचयाचे मापन तेव्हा रूढ नव्हते. तरी मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तत्कालीन शरीरक्रियाविज्ञानाच्या आधारे या मजुरीस विरोध केला. मुंबई इलाख्यात पुष्कळ मजुरांनी ही कामे सोडून दिली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मिनेसोटातील तरुणांना मिळालेल्या व त्यांना अस्थिपंजर बनविणाऱ्या आहाराशी टेंपल यांच्या एक पौंडाची तुलना केल्यास दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतात. त्या तरुणांना मात्र माती खणावयाची नव्हती.

दारिद्र्यरेषा व कॅलरी : स्वतंत्र भारतात कॅलरीचा आकडा दारिद्र्याच्या मोजमापाशी जोडला गेला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय दारिद्र्याच्या अभ्यासात दरडोई दररोज २,२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च ही किमान पातळी धरली. त्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक या पातळीखाली होते. नियोजन आयोगाच्या तज्ञ गटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० कॅलरी हे मानक स्वीकारले. हे आकडे मुले, वृद्ध, स्त्रिया व पुरुष आणि त्यांचे कमीअधिक श्रम यांची सरासरी काढून आलेले आहेत. ते कोणा एका प्रौढाची गरज दाखवीत नाहीत, ही गोष्ट चर्चेत वारंवार विसरली जाते.

या मानकांना सर्वांत मूलगामी आव्हान पुण्यातूनच मिळाले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे काम केले होते. त्यांनी असे प्रतिपादन केले की, एकाच निरोगी माणसाचा आहार, वजन व काम तेच असतानाही, दिवसागणिक व आठवड्यागणिक बराच बदलतो. शरीर आपला खर्च काही मर्यादेत स्वतःच नियंत्रित करते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण भुकेला मानणे चूक होय. सरासरीच्या खाली एका ठराविक सांख्यिकीय अंतरावर सीमा आखली पाहिजे. अशी सीमा आखल्यास उपाशी लोकांची संख्या पुष्कळच कमी भरते. दांडेकर यांनी यास आक्षेप घेतला आणि १९८० च्या आगेमागे या दोघांतील व इतर अभ्यासकांतील वाद नियतकालिकांतून गाजला. सुखात्मे यांचा एक मुद्दा निर्विवाद आहे : सरासरी ही व्यक्तीला लावण्याची फूटपट्टी नव्हे. तथापि दिवसादिवसांतील चढउतार ही एक गोष्ट व वर्षानुवर्षे कमी खाऊन लहान राहिलेले शरीर ही दुसरी गोष्ट होय. दुसऱ्या प्रकारच्या शरीराचा एकूण मूलभूत खर्च कमी भरतो, कारण ते शरीरच लहान असते. मेदविरहित वजनाच्या मानाने त्याची काटकसर फारशी नसते, असेच बंगलोर येथील मापनांचे निष्कर्ष आहेत. लहान शरीर हे कमी गरजेचे कारण मानावयाचे की जुन्या उपासमारीचा पुरावा मानावयाचा, हे कॅलरीमापक सांगू शकत नाही.

पुढे सुरेश तेंडुलकर समितीने (२००९) दारिद्र्यरेषेची कॅलरींशी असलेली सरळ सांगड सोडली, सी. रंगराजन समितीने (२०१४) ग्रामीण भागासाठी २,१५५ व नागरी भागासाठी २,०९० कॅलरी, तसेच प्रथिने व वसा यांचेही प्रमाण पुन्हा हिशेबात घेतले.

व्यक्तीसाठी उपयोग : सूत्राने काढलेला मूलभूत खर्च व प्रत्यक्ष खर्च यांत निरोगी माणसांतही दहा टक्क्यांपर्यंत फरक सहज आढळतो. श्रमांचा गुणांक अंदाजानेच धरलेला असल्याने एकूण गरजेतील चूक याहून मोठी असू शकते. वजन उतरविणारे लोक पुष्कळदा असा हिशेब मांडतात : एक किलोग्रॅम मेदऊतकात सुमारे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात, तेव्हा रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्यास सुमारे पंधरा दिवसांत एक किलोग्रॅम व वर्षात चोवीस किलोग्रॅम वजन घटेल. पहिले काही आठवडे हे गणित बऱ्यापैकी जुळते. पुढे शरीर लहान झाल्याने मूलभूत खर्च उतरतो, हालचालही नकळत कमी होते आणि वजनाची घट मंदावते. यात रुग्णाचा कच्चेपणा शोधण्याची वैद्यांची सवय अन्यायाची आहे.

घरी, शेतात वा कारखान्यात नित्याचे जीवन जगणाऱ्या माणसाचा खर्च मोजण्याची सर्वांत विश्वसनीय पद्धत ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या स्थिर समस्थानिकांनी युक्त पाण्यावर आधारलेली आहे. असे पाणी पिण्यास देऊन एकदोन आठवडे मूत्राचे नमुने तपासतात. हायड्रोजनाचा समस्थानिक केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो, तर ऑक्सिजनाचा पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड या दोन्हींवाटे. दोन्हींच्या घटीतील फरकावरून कार्बन डाय-ऑक्साइडाची निर्मिती व तीवरून ऊर्जेचा खर्च निघतो. नेथन लिफसन यांनी १९५५ मध्ये प्राण्यांवर सिद्ध केलेली ही पद्धत १९८२ च्या सुमारास माणसांसाठी वापरात आली. ती महाग असल्याने सामान्य व्यवहारात उपयोगी नाही. प्रौढाच्या बाबतीत वजनकाटा हेच स्वस्त व पुरेसे साधन ठरते. काही महिन्यांच्या अवधीत वजन स्थिर असेल, तर तो जेवढे खातो तेवढेच खर्च करतो. हे वजन स्वतः आरोग्यदायक आहे की नाही आणि त्या आहारात प्रथिने, लोह व जीवनसत्त्वे पुरेशी आहेत की नाहीत, याची तपासणी मात्र वेगळी करावी लागते.